पेपर, प्रमोशन आणि त्याआधीचे शतक

एमडीच्या विद्यार्थ्याला थिसिस चुकत नाही आणि त्याच्या गाइडला बढतीसाठी पेपर, म्हणजे शोधनिबंध, चुकत नाहीत. रेसिडेंटांच्या खोलीत दोन्हींबद्दल जे बोलले जाते ते छापण्यासारखे नसते. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन आले ते नियमांच्या वाटेने नव्हे.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. तिथे शरीररचना शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांना पाय सुजून त्याला भोके पडलेले आणि त्यांतून दाणे बाहेर येणारे रुग्ण दिसत, बहुतेक अनवाणी शेतकरी. कार्टर वर्षानुवर्षे त्या दाण्यांच्या मागे राहिले आणि हा बुरशीचा रोग असल्याचे त्यांनी मांडले. (‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातली चित्रेही त्यांचीच. पुस्तकाला नाव मात्र ग्रे यांचे.)

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी याच कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. काम वाढले, जागा लागणारच होती. पण संशोधन एका आवारात आणि शिकवणे दुसऱ्या, ही फाळणी तेव्हापासून अंगवळणी पडली, असे मला वाटते.

ती थोडी सांधली गेली परळमध्येच. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून १९२६ मध्ये जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झाले. अध्यापक भारतीयच हवेत, अशी देणगीदारांची अट होती. त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी वैद्यांच्या वापरातली सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. कॉलेजच्या भिंतींबाहेरचे उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून त्यांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यापर्यंत खाली आणले.

बढतीला पेपर जोडले ते २००९ मध्ये, वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने. २०१५ च्या परिपत्रकाने तर पहिल्या दोन लेखकांनाच मोजले. पाच जणांच्या कामात तिसऱ्याने राबायचे कशाला, हे त्यात लिहिलेले नव्हते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना मात्र बरे दिवस आले.

२०१६ मध्ये समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचे दहा वर्षांचे शोधनिबंध मोजले. ३३२ संस्थांच्या नावावर एकही नव्हता. मोजणीचा काळ होता २००५ ते २०१४; म्हणजे सक्तीनंतरची पाच वर्षेही त्यातच आली.