युवराजाचा घसा आणि फिरशोंचा अहवाल

स्वरयंत्राचा कर्करोग बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग. दुर्मीळ गाठी मात्र डॉक्टरांना चकवतात, आणि अशा चकव्याची सर्वांत गाजलेली हकीकत जर्मन राजघराण्यातली आहे.

जिवंत माणसाचे स्वरयंत्र नीट दिसू लागले तेच मुळी उशिरा. १८५४ साली मान्युएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा आरसा घशात धरून, त्यावर ऊन पाडून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. ते डॉक्टर नव्हते, गाणे शिकवत. पुढे ट्युर्क आणि चेर्माक या डॉक्टरांनी हे तंत्र रुग्णतपासणीत आणले. १८७३च्या अखेरीस व्हिएन्नात शल्यविशारद बिलरोट यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढले. रोगी काही महिनेच जगला.

१८८७च्या जानेवारीत जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. बर्लिनचे डॉक्टर गेरहार्ट यांनी स्वरतंतूवरची गाठ तापलेल्या तारेने जाळली, ती पुन्हा वाढली. शल्यविशारद बेर्गमान शस्त्रक्रियेच्या तयारीत असताना लंडनहून घशाचे डॉक्टर मॉरेल मॅकेंझी आले. त्यांनी तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्यांत विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांना कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया बारगळली. नोव्हेंबरात सान रेमोमध्ये कर्करोगावर शिक्कामोर्तब झाले, फेब्रुवारीत श्वासनलिकेला छेद द्यावा लागला, मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला आणि ९९ दिवसांत, १५ जून १८८८ला गेला. मग जर्मन आणि इंग्रज डॉक्टर एकमेकांवर तुटून पडले.

फिरशोंना दोष देणे मला पटत नाही. हाती आला तेवढ्याच तुकड्यावर ते बोलले. १९४८ साली विकृतिशास्त्रज्ञ ॲकरमन यांनी व्हेरुकस कार्सिनोमाचे वर्णन केले: वरून चामखिळीसारखा, पेशी जवळजवळ निर्दोष, पण तळाशी आजूबाजूच्या ऊतींना रेटत जाणारा. फ्रेडरिकची गाठ याच जातीची असावी, असे काही अभ्यासक मानतात. सिद्ध मात्र काहीच नाही.

म्हणून अशा गाठीचा तुकडा आज तळासकट, खोलवरून घेतात. उपचारात शस्त्रक्रियेला पसंती असते, आणि शक्य तिथे ती लेसरने तोंडातूनच होते. कॉन्ड्रोसार्कोमा या दुसऱ्या दुर्मीळ गाठीची, म्हणजे कूर्चेच्या कर्करोगाची, गत वेगळी. तो बहुधा क्रिकॉइड या स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या अंगठीसारख्या कूर्चेत, शाबूत आवरणाखाली वाढतो. वरवरच्या तुकड्यात तो सापडेलच असे नाही. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे ठिपके दिसले की संशय बळावतो. बहुतेकदा वाढ संथ असल्याने जमेल तितके स्वरयंत्र राखूनच तो काढतात.