बीटल्स खरे कुठे घडले?

‘बीटल्स हा बँड लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये सुरू झाला आणि तिथेच घडला’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी तिथे जवळपास तीनशे कार्यक्रम केले.

पण तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहा. बीटल्स या नावाने कॅव्हर्नमधला पहिला कार्यक्रम झाला फेब्रुवारी १९६१ मध्ये. (त्यातली काही मुलं १९५७-५८ मध्ये वेगळ्या नावाच्या गटातून तिथे वाजवून गेली होती, ते निराळं.) जर्मनीतल्या हॅम्बुर्गला मात्र ते ऑगस्ट १९६० मध्येच पोहोचले होते. आधी इंद्रा नावाचा छोटा क्लब, मग आवाजाच्या तक्रारी आल्यावर कायझरकेलर. बंदराजवळची वस्ती, रोज रात्री कित्येक तास वादन. एवढा वेळ भरायचा तर गाणी लांबवावी लागत, नवी बसवावी लागत. माझ्या मते बँडला खरी धार इथेच आली. नोव्हेंबरात सर्वांत धाकट्या गिटारवादकाला, १८ वर्षं पूर्ण नसल्याने, परत पाठवण्यात आलं. पुढे १९६१ मध्ये टॉप टेन आणि १९६२ मध्ये स्टार-क्लब, दोन्ही हॅम्बुर्गमधलेच क्लब.

आणखी एक गोष्ट. आजचा कॅव्हर्नही जसाच्या तसा जुना नाही. मूळ तळघर १९७३ मध्ये बंद झालं. आत्ताचं १९८४ मध्ये, जुन्या विटा वापरून, नव्याने बांधलेलं आहे.