लॅपटॉप खराखुरा, मग 'व्हर्च्युअल मशीन' आलं कुठून?

घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं, कॅमेरा-माइक तपासून झाले आणि पडद्यावर आलं: 'व्हर्च्युअल मशीन डिटेक्टेड'. टेबलावर तर दुकानातून आणलेला साधा लॅपटॉप. मग फोन जातो दुरुस्तीवाल्याला आणि जळगाव असो की शहादा, उत्तर ठरलेलं: 'व्हायरस असेल भो, फॉरमॅट मारून देतो.' फॉरमॅटवरची ही श्रद्धा लिंबू-मिरचीच्याच जातीची. इथे तर ती उलटी पडते. विंडोज ११ नव्याने टाकलं की योग्य हार्डवेअरवर 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय आपोआप चालू होते आणि घोळाचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला सांभाळणाऱ्या थराला हायपरव्हायजर म्हणतात. परीक्षावाल्यांना व्हीएम नको असतं, कारण आत प्रश्नपत्रिका आणि बाहेर गूगल असा डाव त्यात जमतो. त्यामुळे तपासणी करण्यात काही गैर नाही. प्रश्न आहे ती कशी करतात याचा.

प्रोसेसरला एक आज्ञा असते, सीपीयूआयडी. 'तू कोण, तुला काय काय येतं?' असं तिच्यामार्फत विचारायचं. प्रश्न क्रमांक १ टाकला की चार रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत, उत्तरं येतात. त्यातल्या ईसीएक्स या रजिस्टरमध्ये ३२ बिट असतात, प्रत्येक ० किंवा १. शून्यापासून मोजलं तर शेवटचा ३१ क्रमांकाचा. हा बिट इंटेल आणि एएमडी दोघांनी हायपरव्हायजरसाठी राखून ठेवला आहे आणि नुसत्या प्रोसेसरवर तो कायम ० असतो. मग १ कसा होतो? व्हीएम चालवण्यासाठी इंटेलने केलेल्या व्हीटी-एक्स व्यवस्थेत हायपरव्हायजरच्या वर चालणाऱ्या कुठल्याही प्रणालीने सीपीयूआयडी म्हटलं, की प्रोसेसर स्वतः उत्तर देतच नाही. तो काम थांबवून ताबा खाली हायपरव्हायजरकडे देतो. हायपरव्हायजर चारही रजिस्टरं भरतो आणि ताबा परत वर जातो. ही उडी टाळण्याची सोयच इंटेलने ठेवलेली नाही. म्हणजे वरच्याला मिळालेलं उत्तर प्रोसेसरचं नसतंच, ते हायपरव्हायजरचं असतं.

पुढचा प्रश्न षोडशमान पद्धतीतल्या ४००००००० या क्रमांकाचा. त्यावर हायपरव्हायजर आपलं नाव सांगतो, तीन रजिस्टरांत चार-चार अक्षरं, एकूण १२. विंडोजवाला सांगतो 'मायक्रोसॉफ्ट एचव्ही'. रोमन लिपीत मधली मोकळी जागा धरून ती बरोबर १२ भरतात. पहिल्या रजिस्टरमध्ये ७७, १०५, ९९, ११४ हे आकडे, म्हणजे एम, आय, सी, आर. सगळ्यात खालच्या बाइटमध्ये पहिलं अक्षर, त्यामुळे रजिस्टर सरळ छापलं तर नाव उलटं दिसतं.

आता गंमत बघा. मेमरी इंटिग्रिटी, हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टची व्हीएम चालवायची सोय) किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) चालू असेल, तर तुमचं रोजचं विंडोजसुद्धा हायपरव्हायजरच्या वरच चालतं. त्या जागेला रूट पार्टिशन म्हणतात. हार्डवेअर त्याच्याच ताब्यात असतं, तरी ३१ वा बिट १ आणि नाव मायक्रोसॉफ्टचं. बिट सांगतो 'खाली हायपरव्हायजर आहे' आणि आळशी तपासणी वाचते 'हे व्हीएम आहे'. ही दोन वेगळी विधानं आहेत. सीपीयूआयडीला किती वेळ लागला ते मोजणारी तपासणीही याच खड्ड्यात पडते, कारण वरची उडी खऱ्या लॅपटॉपवरही होतेच. खरं तर ४००००००३ हा प्रश्न विचारून ईबीएक्स या रजिस्टरचा शून्य क्रमांकाचा बिट पाहायला हवा: नवीन पार्टिशन तयार करण्याचा अधिकार आहे का? रूटला तो असतो, आत चालणाऱ्या व्हीएमला नसतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ही एक जादा ओळ लिहिली असती, तर पोरांची धावपळ वाचली असती.

ती लिहिलेली नसेल, तर परीक्षेपुरता हायपरव्हायजर बंद करायचा. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटच्या सेटिंगला किंवा बायोसला हात लावला की ती मागितली जाऊ शकते. मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडून अगदी तळाशी जा. 'अ हायपरव्हायजर हॅज बीन डिटेक्टेड' दिसलं, तर निदान पक्कं. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि रीस्टार्ट द्या. शटडाउन करून चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउनमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उठतो. ओळ तरीही तिथेच असेल, तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सँडबॉक्स या चारांच्या खुणा काढा. डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारं डॉकर तेवढ्यापुरतं बंद पडेल. शेवटचा उपाय अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये: 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायजरलॉन्चटाइप ऑफ', अर्थात इंग्रजीत. लॅपटॉप कॉलेजचा किंवा कंपनीचा असेल, तर हे सेटिंग वरून कुलूपबंद असू शकतं. मग त्यांच्या अॅडमिनलाच गाठावं लागेल.

परीक्षा संपली की ऑफच्या जागी ऑटो लिहून तीच आज्ञा द्या आणि मेमरी इंटिग्रिटी चालू करा. खोटे ड्रायव्हर कर्नलमध्ये घुसू नयेत म्हणून ती असते. कायमची बंद ठेवू नका.

ओळ गेली, तरी सॉफ्टवेअर अडून बसलंय? मग नेटवर्क अॅडॉप्टर पाहा. काही तपासण्या मॅक पत्त्याच्या (अॅडॉप्टरच्या ओळख क्रमांकाच्या) पहिल्या तीन जोड्या वाचतात: ००-५०-५६ व्हीएमवेअरच्या, ०८-००-२७ व्हर्च्युअलबॉक्सच्या. ही दोन्ही व्हीएम चालवायची सॉफ्टवेअर. आणि व्हीएमवेअर नुसतं इन्स्टॉल केलं, तरी ते खऱ्या विंडोजमध्ये व्हीएमनेट १ आणि व्हीएमनेट ८ असे दोन अॅडॉप्टर बसवतं, ००-५०-५६ नेच सुरू होणारे. नेटवर्क कनेक्शन्समध्ये दोन्हींवर राइट क्लिक करून डिसेबल करा. प्रॅक्टिकलच्या वेळी व्हीएमला नेट मिळेना, तर ते तिथूनच परत एनेबल होतात.