सावळ्या चेहऱ्याला उजेड जास्त नको, मोठा हवा

रात्री आठनंतर कोल्हापूरच्या रंकाळ्यावर चक्कर मारली की भेळेच्या गाड्यांपाशी, कठड्यावर, बाकांवर फोन समोर धरून बसलेली जोडपी दिसतात. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाचं नुकतंच झालेलं, आणि काहींनी घरी अजून सांगायचं असतं. त्यात तो गोरा आणि ती सावळी, किंवा उलट, असा जोडा असेल तर फोटो दोनपैकी एका रीतीने हमखास बिघडतो. एक तर गोऱ्या कपाळावरचा सगळा तपशील उडून तिथे नुसता पांढरा पट्टा उरतो, नाहीतर सावळ्या चेहऱ्याचे दात आणि डोळे तेवढे दिसतात. मग बोट ‘ब्युटी’च्या बटणाकडे जातं आणि दोघंही एकाच फिकट गुलाबी रंगाचे होऊन बाहेर पडतात.

शेजारी उभं राहून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दोघंही छान दिसत असतात. कारण नजर एका वेळी एकाच चेहऱ्यावर ठरते. ती दुसरीकडे वळली की डोळा तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो आणि मेंदू दोन्ही चेहऱ्यांचा हिशेब परस्पर जमवून टाकतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. एका क्लिकमध्ये त्याला दोघांसाठी मिळून एकच एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवावं लागतं.

दोघांतला फरक मोजता येतो. गोऱ्या गालावर पडलेल्या उजेडापैकी साधारण एक तृतीयांश परत येतो, गडद सावळ्या गालावरून नववा-दहावा हिस्सा. फोटोग्राफर याला दीड ते पावणेदोन स्टॉपचा फरक म्हणतील. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. भर दुपारी दीड स्टॉप म्हणजे काहीच नाही, बरा सेन्सर दहा-बारा स्टॉप सहज पेलतो. रात्री मुळात उजेडाचीच मारामार, त्यात गाडीवरचा झगझगीत बल्बही चौकटीत आलेला. तिथे हा दीड स्टॉप महागात पडतो.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे सावळ्या चेहऱ्यावर दिवा मारा. तो अर्धवट आहे. का, ते कळायला त्वचेकडे जरा जवळून पाहावं लागतं.

चेहऱ्यावर पडलेला उजेड दोन वाटांनी परत येतो. त्यातला थोडा, समोरून पडला तर जेमतेम 4-5 टक्के, त्वचेच्या वरच्या पृष्ठभागावरूनच उसळतो. ही झाली चकाकी. तिला त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नाही. दिवा पिवळा तर चकाकी पिवळी, दिवा पांढरा तर पांढरी. उरलेला उजेड आत शिरतो, पेशींमध्ये इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला काही पुन्हा बाहेर येतो. गोरा की सावळा, हे या दुसऱ्या वाटेवर ठरतं, कारण तिथे मेलॅनिन हे रंगद्रव्य बसलेलं असतं. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या पेशी जे मेलॅनिनचे कण तयार करतात, त्यांचा आकार, प्रकार आणि पसरण वेगवेगळी असते.

आता हिशेब मांडा. चकाकी दोघांचीही तेवढीच. पण गोऱ्या चेहऱ्यावरून येणाऱ्या एकूण उजेडात ती सातवा हिस्सा, आणि गडद सावळ्या चेहऱ्यावरून येणाऱ्या उजेडात तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे गोऱ्या चेहऱ्याचा आकार, गालाचा उंचवटा, नाकाची कड, हे सगळं मुख्यतः आतून येणाऱ्या मंद उजेडाच्या चढउतारातून दिसतं, तर सावळ्या चेहऱ्याचा आकार बराचसा चकाकीतून. टपोरं जांभूळ गोल आहे हे आपल्याला त्याच्यावरच्या उजळ डागावरून कळतं. तो डाग काढून टाकला तर उरतो काळा ठिपका.

आणि चकाकी म्हणजे अखेर दिव्याचं प्रतिबिंब. दिवा छोटा आणि प्रखर असेल तर प्रतिबिंबही छोटं आणि प्रखर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. चेहरा तेलकट दिसतो आणि बाकी सगळा अंधारातच राहतो. तोच दिवा चौपट ताकदीचा लावला तर ते ठिपके चौपट भगभगतील, आकार काही उमटणार नाही. उलट उजेड देणारी जागाच रुंद असली तर तिचं प्रतिबिंब गालफडांवरून, हनुवटीवरून सलग पसरतं आणि चेहरा घडतो. सावळ्या चेहऱ्याच्या प्रकाशयोजनेचं मर्म माझ्या मते एवढंच आहे. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड ताणलेली पेटी), छत्री, थर्माकोलचा पत्रा ही सगळी उजेड रुंद करायची साधनं.

पण कँडिड, म्हणजे माणसांच्या नकळत काढलेल्या, फोटोत मांडामांड करायची सोय नसते. छत्री उभी केली की माणसं पोज देतात आणि हसणं मेलं. तेव्हा शहरातच रुंद उजेड शोधायचा, आणि कोल्हापुरात तो मुबलक आहे. गुजरीतल्या सराफांच्या आणि महाद्वार रोडवरच्या कापड दुकानांच्या काचा पाहा. दहा-बारा फुटी काच आतून उजळलेली, समोर चार-पाच फुटांवर दोघं काहीतरी बघत थांबलेली. याहून चांगला सॉफ्टबॉक्स भाड्याने मिळणार नाही. तुम्ही फक्त बाजूला सरकून उभं राहायचं, म्हणजे काच त्यांच्या चेहऱ्यावर तिरकी चमकेल. उलट अंबाबाईच्या देवळाच्या काळ्या पाषाणाच्या भिंतीपाशी फ्लॅश बाऊन्स करायला, म्हणजे भिंतीवर मारून परतवायला, गेलात तर भिंतच तो गिळून टाकते, आणि वर सावळा चेहरा मागच्या काळ्या दगडात मिसळून जातो.

अशा काळोख्या पार्श्वभूमीवर एक गोष्ट हाताशी ठेवावी. समोरून 4-5 टक्के असणारी चकाकी उजेड तिरपा होत गेला की वाढत जाते, आणि त्वचेला अगदी घासून जाणाऱ्या, लंबापासून 75 अंशांवरच्या उजेडाला ती जवळपास चौथा हिस्सा होते. म्हणून मागून, कडेने येणारा दिवा सावळ्या गालावर आणि जबड्यावर जी रेघ काढतो ती फार देखणी असते. गोऱ्या चेहऱ्यावर तीच रेघ पटकन जळते. मागचा दिवा असलाच तर तो सावळ्या माणसाच्या बाजूला येऊ द्या.

बाजू कोणाची, याला आणखी एक कारण आहे. अंतर दुप्पट झालं की छोट्या दिव्याचा उजेड चौथाई होतो. सावळा चेहरा दिव्यापासून 1 मीटरवर आणि गोरा 1.4 मीटरवर असेल तर एक स्टॉप तिथल्या तिथे भरून निघतो, 1.7 मीटरवर असेल तर दीड. दोघं गाड्यांच्या कडेने चालत असतील तर दिव्याकडच्या अंगाला सावळा माणूस असताना क्लिक करायचं, परत फिरतील तेव्हा तुम्हीही बाजू बदलायची. मात्र हे जवळच्या दिव्यापुरतंच खरं. रस्त्यावरचा खांब आठ-दहा मीटर दूर असतो, त्याच्या हिशेबी दोघंही सारख्याच अंतरावर. आणि पूर्ण दीड स्टॉप भरून काढायचा अट्टहासही कशाला? दोघांचे रंग वेगळे आहेत, फोटोतही ते वेगळेच दिसावेत. मी अर्ध्या-पाऊण स्टॉपवर समाधान मानतो.

दिव्याचा रंग हा वेगळाच खेळ. मेलॅनिन सगळे रंग सारखे शोषत नाही. निळा उजेड ते नारिंगी-तांबड्याच्या जवळपास तिपटीने शोषतं. त्यामुळे मांडवातल्या पिवळ्या बल्बखाली दोन वर्णांतलं अंतर कमी होतं आणि निळसर पांढऱ्या एलईडीखाली वाढतं. पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुधा निळाच दिवा असतो, त्यावर फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाचा पिवळा थर चढवलेला. स्वस्त एलईडीत खोल तांबडा रंग कमी पडतो आणि नेमका तोच सावळ्या त्वचेत जिवंतपणा आणतो. तो नसला की चेहरा राखट दिसतो, मग तुम्ही कितीही उजळा. शहरांतल्या रस्त्यांवरचे जुने सोडियमचे दिवे तर सगळंच एका पिवळ्यात बुडवायचे. तिथे वर्णाचा फरक मिटे, पण साडीचा रंगही मिटे.

कोल्हापूरकरांना हे शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या टोकाने अनुभवावं लागलं होतं. बाबूराव पेंटर यांनी इथेच स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. प्रभातही 1929 मध्ये इथेच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. चेहरा सगळ्यात जास्त परत देतो तो नेमका तांबडाच. त्यामुळे पडद्यावर ओठ काळे, गाल मूळच्याहून गडद, आणि सावळा वर्ण आणखीच गडद. त्या काळच्या नटांचे रंगवलेले चेहरे आज विचित्र वाटतात, त्यामागे हौसेइतकंच हे रसायनही होतं. 1920च्या दशकाच्या शेवटी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळू लागली तेव्हा तांबडा पडद्यावर आला.

रंगीत फिल्म आली म्हणून पक्षपात संपला असं नाही. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं वापरत, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यांना ‘शर्ली’च म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की प्रिंट बरोबर. गडद तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांचा मोठा वाटा होता. काळ्या माणसांचे फोटो बिघडत होते ते आधीपासूनच! आता फोनवाले निरनिराळ्या वर्णांचे चेहरे घेऊन कॅमेरे तपासतात. 2022 मध्ये गूगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी त्यासाठी खुली केली.

तरी रात्री एक अडचण कुठल्याही कंपनीला टाळता येत नाही. उजेड सुट्या कणांनी येतो आणि त्या कणांच्या संख्येत आपोआप चढउतार असतो, साधारण वर्गमुळाइतका. समजा गोऱ्या गालाच्या एका बिंदूवर 900 कण जमले, तर चढउतार 30चा. सावळ्या गालावर 300 जमले तर 17चा. पहिल्यात खरा उजेड गोंगाटाच्या 30 पट, दुसऱ्यात 17 पट. हाच तो रात्रीच्या फोटोतला रवा, जो सावळ्या चेहऱ्यावर आधी दिसतो. फोन तो पुसायला जातो आणि त्याबरोबर त्वचेचा पोतही पुसतो. नाइट मोड अनेक फ्रेम एकावर एक रचून यावर मात करतो खरा, पण त्यासाठी माणसं स्थिर हवीत. हसताना मान मागे गेली की दोन नाकं.

म्हणून माझा क्रम असा: रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, गोऱ्या चेहऱ्याचा सगळ्यात उजळ भाग जळणार नाही इथपर्यंत एक्स्पोजर चढवा आणि तिथेच थांबा. जळलेलं परत मिळत नाही, अंधारातलं थोडंफार मिळतं. शटर 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. 1/250ला एक फोटो उजळ, पुढचा मंद, कधी मध्येच आडवा पट्टा, आणि दोष कॅमेऱ्याला.

हे सगळं एकाच जागी जमून आलेलं पाहायचं असेल तर त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर जावं. एका पणतीचा उजेड मीटरभरावर फार तर एक लक्स (लक्स हे उजेडाचं माप). पण दोघांच्या भोवती सरासरी दोन मीटरवर शंभर पणत्या असतील तर 25 लक्स होतात. एफ 1.8ची (मोठ्या तोंडाची) लेन्स, 1/100 शटर आणि 3200 आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) एवढ्यात काम भागतं. उजेड पायऱ्यापायऱ्यांवर पसरलेला, म्हणजे रुंद. रंग नारिंगी, म्हणजे मेलॅनिन कमी शोषेल असा. एकच पथ्य पाळायचं. उभ्या माणसाला पणती खालून उजळते आणि हनुवटीखालचा उजेड कुणालाच शोभत नाही. दोघांना पायरीवर बसू द्या, तोंड वरच्या पायऱ्यांकडे, म्हणजे ज्योती चेहऱ्याच्या उंचीला येतात.

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर पहिली पाच मिनिटं सावळ्या चेहऱ्याला हात लावू नये. आधी त्याच उजेडातल्या पांढऱ्या वस्तूवरून, शर्टाची कॉलर चालेल, व्हाइट बॅलन्स लावावा, म्हणजे पांढरं पांढरं दिसेल असे रंग जुळवावेत, मात्र पिवळा अगदी पुसून टाकू नये. मग तो चेहरा उजळायचाच तर चकाकीच्या आसपासचे मधले टोन थोडे उचलावेत. सगळ्यात काळ्या सावल्या तशाच राहू द्याव्यात, त्या उचलल्या की चेहरा धुरकट होतो. लग्नाच्या अल्बमात नवरीला दोन छटा गोरी करून देण्याची पद्धत अजून आहे, आणि गिऱ्हाईक मागतं म्हणून करतो असं सांगितलं जातं. पुष्कळदा मागायच्या आधीच केलेलं असतं.

छापायला देताना मॅट कागद टाळावा. मॅटवर काळा पुरेसा काळा होत नाही, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यातल्या गडद छटा एकमेकींत मिसळतात. ग्लॉसी (चकचकीत) किंवा लस्टर (अर्धचकचकीत) घ्यावा. आणि अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण तेज ठेवून फोटो जुळवला असेल तर प्रिंट हमखास काळपट येते. स्क्रीन निम्म्यावर आणून, खोलीतली ट्यूब लावून एकदा पाहावं, मगच फाइल पाठवावी.