फर्म्याच्या घडीतला दोरा : हाताने पुस्तक शिवण्यामागची पार्श्वभूमी

पुस्तकबांधणी नव्याने शिकणाऱ्याच्या हाती सर्वप्रथम सुई येते. कागदाचे तीन-चार ताव एकात एक घालून मधोमध दुमडायचे, असे फर्मे एकावर एक रचायचे, प्रत्येकाच्या घडीवर आरीने छिद्रे पाडायची आणि मेण लावलेला लिननचा दोरा त्या छिद्रांतून आतबाहेर ओवत एक फर्मा दुसऱ्याला जोडत जायचे, एवढेच हे काम बाहेरून दिसते. प्रत्यक्षात या कामातील बहुतेक टाक्यांमागे एखादी जुनी अडचण आणि कारागिरांनी तिच्यावर काढलेली तोड असते. हा इतिहास सहज हाती लागत नाही, कारण पुस्तकाचा सगळा भार शिवणीवर असला तरी पुस्तक पूर्ण होताच ती चामड्याखाली किंवा कापडाखाली झाकली जाते. नक्षीदार मुखपृष्ठांची वर्णने आणि चित्रे भरपूर सापडतात. आतल्या दोऱ्याविषयी जे कळले आहे ते बहुतांशी फाटलेल्या, भिजलेल्या आणि दुरुस्तीसाठी उसवलेल्या पुस्तकांमुळे कळले आहे.

शिवण शक्य होण्यासाठी आधी घडी असावी लागते. पपायरसची लांब गुंडाळी शिवण्याचा प्रश्नच नव्हता. ताडपत्राच्या पोथीत दोरी छिद्रांतून जाते खरी, पण ती सुटी पाने ओळीने राखते, त्यांना एकमेकांशी शिवत नाही. रोमन साम्राज्यात मेण लावलेल्या लाकडी पाट्या कडेला छिद्रे पाडून एकत्र बांधत असत, आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत पपायरस किंवा चर्मपत्राचे ताव दुमडून केलेले पुस्तक, म्हणजे कोडेक्स, हळूहळू गुंडाळीची जागा घेऊ लागले. 1945 मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ एका मडक्यात सापडलेली चौथ्या शतकातील हस्तलिखिते या बदलाचा अतिशय मोलाचा पुरावा आहेत. त्यांतील बहुतेक पुस्तके एकाच जाड फर्म्याची आहेत : सगळे ताव एकावर एक ठेवून एकदाच दुमडलेले, आणि घडीतून चामड्याच्या वाद्या ओवून आवरणाला बांधलेले. आज नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवली जाणारी तीन छिद्रांची साधी वही रचनेने या पुस्तकांच्या जवळची आहे.

एकाच फर्म्याच्या पुस्तकाची मर्यादा कोणत्याही जाड वहीची घडी घातल्यावर कळते. आतले ताव बाहेरच्या तावांच्या पुढे सरकतात, घडी फुगते आणि पुस्तक मिटून राहत नाही. नाग हम्मादीच्या पुस्तकांत म्हणूनच आतली पाने बाहेरच्या पानांपेक्षा अरुंद कापलेली आढळतात. यावर उपाय म्हणजे एका जाड फर्म्याऐवजी अनेक पातळ फर्मे करणे. पण मग ते फर्मे एकमेकांना जोडायचे कसे, हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि हाताने पुस्तक शिवण्याची खरी कला या प्रश्नापासून सुरू होते.

इजिप्तमधील ख्रिस्ती समाजात, म्हणजे कॉप्टांमध्ये, या प्रश्नाचे जे उत्तर रूढ झाले ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या शिवणीत पाठीवर दोरी किंवा फीत असा कोणताही आधार नसतो. दोरा एका फर्म्याच्या छिद्रातून बाहेर येतो, खालच्या फर्म्याच्या टाक्यामागून वळसा घेतो आणि त्याच छिद्रातून पुन्हा आत जातो. फर्म्यामागून फर्मा चढत गेला की पाठीवर साखळ्यांच्या उभ्या रांगा तयार होतात. या रचनेत पुस्तक पूर्ण सपाट उघडते, कारण पाठीला ताठ करणारे काहीच तिथे नसते. तिची कमजोरीही तिथेच आहे. मोठ्या, जड पानांचा भार केवळ दोऱ्याच्या कड्यांवर पडतो, आणि आवरणाची लाकडी फळी पाठीशी बांधणारा दोरा तुटला की फळी सुटते.

ही पद्धत इजिप्तपुरती राहिली नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागात सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी तयार झालेले सेंट कथबर्ट गॉस्पेल हे छोटेसे पुस्तक याच प्रकारे, आधाराशिवाय, साखळी टाक्याने शिवलेले आहे. 1104 मध्ये डरहॅम येथे कथबर्टची शवपेटी उघडली तेव्हा ते आत सापडले. मूळ बांधणीसह शाबूत राहिलेले ते युरोपातील सर्वांत जुने पुस्तक मानले जाते, आणि 2012 मध्ये ब्रिटिश लायब्ररीने ते 90 लाख पौंडांना विकत घेतले. नाईल नदीच्या काठची शिवण आणि इंग्लंडमधील मठातील शिवण यांतले साम्य दोन ठिकाणच्या कारागिरांमधील नात्याबद्दल कोणत्याही लिखित नोंदीपेक्षा जास्त सांगून जाते, असे मला वाटते. इस्लामी जगातील बांधणीकारांनीही आधाराशिवायची शिवणच पुढे चालवली. त्यांच्या पुस्तकांत बऱ्याचदा रेशमी दोऱ्याच्या दोनच साखळ्या असतात आणि बाकीची मजबुती पाठीला चिकटवलेले अस्तर देते. इथिओपियात ही साखळी शिवण जवळजवळ खंड न पडता आधुनिक काळापर्यंत चालू राहिली.

पूर्व आशियातील शिवण वेगळ्या कागदातून जन्मली. चीन आणि जपानमध्ये पातळ, मऊ कागदावर एकाच बाजूला छापत असत. पान दुमडून घडी बाहेरच्या कडेला ठेवत आणि सुट्या कडा पाठीकडे घेत. घडी पाठीकडे नसल्यामुळे तिच्यातून शिवणे अशक्य होते, म्हणून दोरा कडेजवळून संपूर्ण गठ्ठ्याच्या आरपार जातो. चीनमध्ये मिंग राजवटीच्या काळात रूढ झालेली आणि जपानमध्ये चार छिद्रांच्या रूपात स्थिरावलेली ही शिवण नवशिक्यांना फार आवडते, कारण ती सोपी आहे आणि बाहेरून सुंदर दिसते. मात्र तीच शिवण जाड, ताठ कागदावर केली तर पुस्तक नीट उघडत नाही. तो दोष शिवणीचा नसतो. ती ज्या कागदासाठी घडली तो कागद बदललेला असतो.

पश्चिम युरोपात साधारण आठव्या शतकापासून साखळीची जागा आधारावरच्या शिवणीने घेण्यास सुरुवात केली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल आहे. पाठीवर आडव्या जाड दोऱ्या किंवा चामड्याच्या वाद्या ताणून ठेवायच्या आणि फर्म्यातून बाहेर आलेला दोरा त्यांच्याभोवती गुंडाळून पुन्हा आत न्यायचा, अशी ही रचना आहे. फर्मे आता केवळ एकमेकांना नव्हे, तर एका समाईक आधाराला बांधले जाऊ लागले. त्या दोऱ्यांची टोके ओक किंवा बीचच्या लाकडी फळ्यांमध्ये केलेल्या खाचांतून ओवून पाचरीने घट्ट बसवत, त्यामुळे फळ्या आणि पाने मिळून एकसंध शरीर तयार झाले. चर्मपत्राची मोठमोठी धर्मपुस्तके शतकानुशतके उघडली-मिटली जाऊनही टिकली, ती या रचनेमुळे. जुन्या चामडी पुस्तकांच्या पाठीवर दिसणारे आडवे उंचवटे ही सजावट नव्हे. आतल्या दोऱ्या चामड्याखालून तशा दिसतात.

दोऱ्या ताणून धरण्यासाठी शिवणचौकट आली. खाली फळी, दोन उभे खांब, वर आडवा दांडा आणि त्या दांड्यापासून फळीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या, एवढीच तिची रचना. जर्मनीतील बांबेर्ग येथील मठाच्या बाराव्या शतकातील एका हस्तलिखितात पुस्तक तयार करण्याचे टप्पे छोट्या वर्तुळाकार चित्रांत दाखवले आहेत आणि त्यांतील एका चित्रात चौकटीवर शिवणारा भिक्षू दिसतो. आजच्या नवशिक्याच्या टेबलावरील चौकट आणि त्या चित्रातील चौकट यांत सांगण्यासारखा फरक नाही. पुस्तकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला मात्र आधार नसतो, तिथे दोरा खालच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून वर न्यावा लागतो. म्हणजे आधारावरच्या शिवणीतही दोन्ही टोकांना जुनी साखळी उरलीच आहे.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर छपाई आली आणि पुस्तकांची संख्या एकाएकी वाढली. कागद स्वस्त झाला, लाकडी फळ्यांची जागा हलक्या पुठ्ठ्याने घेतली आणि शिवणीत वेळ वाचवण्याचे मार्ग शोधले जाऊ लागले. त्यांतला एक म्हणजे दोन फर्मे एकाच वेळी शिवणे : एका फर्म्यात एक टाका, पुढचा टाका वरच्या फर्म्यात, पुन्हा खालच्यात. यामुळे दोरा आणि श्रम अर्धे लागतात, पण प्रत्येक फर्मा अर्ध्याच टाक्यांवर उभा राहतो. दुसरा मार्ग पाठीवर करवतीने खाचा पाडून दोऱ्या त्यांत बुडवण्याचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तुरळक आढळणारी ही रीत अठराव्या शतकात सर्रास झाली. दोरा आता आधाराभोवती गुंडाळावा लागत नव्हता, त्याच्यावरून सरळ पुढे नेला की काम होई, आणि पाठ सपाट दिसे. ग्राहकाला मात्र उंचवट्यांची सवय होती, म्हणून चामड्याखाली चिकटवलेल्या पट्ट्यांचे खोटे उंचवटे तयार करण्यात येऊ लागले. करवतीने घडीचा कागदच कापला जातो, आणि पुढे कधी ते पुस्तक नव्याने शिवायचे झाल्यास त्या खाचा आयुष्यभर त्रास देतात. या काटकसरीची किंमत नंतरच्या पिढ्यांनी मोजली आहे.

शिवण्याचे हे काम कोण करत होते, याचे उत्तर नोंदींत फार कमी मिळते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या बांधणी-कारखान्यांत ताव दुमडणे आणि शिवणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करत. चामडे चढवणे आणि सोन्याची नक्षी काढणे पुरुषांकडे असे, आणि नाव व्हायचे ते नक्षीकाराचे. 1849 मध्ये लंडनमधील बायबल बांधणाऱ्या एका कारखान्यात घडी घालणाऱ्या आणि शिवणाऱ्या स्त्रियांनी अपुऱ्या मजुरीविरुद्ध लढा दिला, तेव्हा हे हात क्षणभर तरी सार्वजनिक चर्चेत आले. पुस्तक हातात टिकते ते त्यांच्या टाक्यांमुळे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींची नावेही उरलेली नाहीत, ही या व्यवसायाच्या इतिहासातील मोठी उणीव आहे.

त्यानंतर यंत्र आले. 1820च्या दशकात कापडी आवरणे रूढ होऊ लागली. ही आवरणे वेगळी तयार करून शिवलेल्या पानांवर नुसती चिकटवता येत, त्यामुळे दोऱ्यांची टोके पुठ्ठ्यात ओवण्याची गरजच संपली. अमेरिकेत डेव्हिड मॅकॉनेल स्मिथ यांच्या पुस्तक शिवणाऱ्या यंत्राला 1868 मध्ये पेटंट मिळाले आणि शतक संपेपर्यंत घडीतून शिवण्याचे काम मोठ्या कारखान्यांत यंत्रांकडे गेले. शिवणच नको, अशी कल्पना त्याही आधीची आहे. विल्यम हँकॉक यांनी 1836 मध्ये पाठीकडच्या घड्या कापून सुटी पाने रबराच्या द्रावणाने चिकटवण्याचे पेटंट घेतले. काही वर्षांत ते रबर कोरडे पडून भुगा झाले आणि देखण्या सचित्र ग्रंथांची पाने एकेक करून गळाली. आजचे गोंद त्याहून कितीतरी चांगले आहेत. तरी सुटे पान त्याच्या कडेच्या चिकटीवर टिकते, तर शिवलेले पान घडीपलीकडच्या जोडीदार पानाच्या जोरावर टिकते, हा मूलभूत फरक कायम आहे.

हौसेने किंवा स्वतंत्र कारागीर म्हणून शिवण शिकणारा नवशिक्या या पार्श्वभूमीवर पुढे आला. लंडनमध्ये बॅरिस्टर असलेले टी. जे. कॉबडेन-सँडरसन 1883 मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, वकिली सोडून बांधणी शिकू लागले आणि 1893 मध्ये त्यांनी डव्ह्ज बाइंडरी सुरू केली. तिथे शिवणीचे काम बेसी हूली करत. शिवणाऱ्या स्त्रीचे नाव नोंदले गेले अशा मोजक्या उदाहरणांपैकी हे एक. त्याच बाइंडरीत उमेदवारी केलेल्या डग्लस कॉकरेल यांनी 1901 मध्ये बांधणीवर एक हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यात त्यांनी करवतीच्या खाचांऐवजी खऱ्या, उंच दोऱ्यांवरील शिवणीचा आग्रह धरला आणि ही पुस्तिका अनेक दशके शिकणाऱ्यांच्या हाती राहिली. पुढे 1935 मध्ये कोडेक्स सिनाइटिकस या चौथ्या शतकातील बायबलच्या हस्तलिखिताची नवी बांधणी त्यांनीच केली.

4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात लाखो पुस्तके चिखलात बुडाली. मदतीला गेलेल्या बांधणीकारांना हजारो उघडी पडलेली पुस्तके एकाच वेळी पाहायला मिळाली आणि कोणती रचना पाण्यात तग धरते याचा अभ्यास करता आला. त्यांच्यापैकी ख्रिस्तोफर क्लार्कसन यांच्या लक्षात आले की चामड्याच्या वाद्यांवर शिवलेली, लवचीक चर्मपत्राची आवरणे असलेली आणि पाठीला फारसा डिंक न लावलेली साधी पुस्तके अनेक भारी बांधण्यांपेक्षा चांगली टिकली होती. यानंतर जुन्या शिवणींचा बारकाईने अभ्यास सुरू झाला आणि डिंकाशिवाय, केवळ टाक्यांवर उभ्या राहणाऱ्या रचना संवर्धकांकडून कलावंतांकडे आणि तिथून हौशी शिकणाऱ्यांकडे पोहोचल्या.

आज नवशिक्याला बहुधा कॉप्टिक शिवण आधी शिकवली जाते, कारण तिला चौकट लागत नाही, दाबयंत्र लागत नाही, आणि चूक झाली की लगेच पाठीवर दिसते. त्यानंतर फितींवरची शिवण येते आणि तिच्यासोबत एक अडचण येते जी साखळीच्या वहीत फारशी जाणवत नाही : प्रत्येक फर्म्यातील दोऱ्याची जाडी पाठीकडे साठत जाते आणि पाठ कडेपेक्षा जाड होते. दोरा फार जाड असेल तर पुस्तक पाचरीसारखे दिसते. फार बारीक असेल तर तो मऊ कागद कापतो आणि पाठीला गोलाई देण्यासाठी लागणारा फुगवटाही उरत नाही. साधारण 1500 नंतर युरोपातील बांधणीकार ही जादा जाडी पाठ हातोडीने गोल करून दोन्ही बाजूंना पसरवू लागले. फर्मे किती, कागद किती मऊ आणि दोरा किती जाड, हा हिशेब त्यामुळे पहिला टाका घालण्याआधीच करावा लागतो.