‘90 टक्के यश’ कुठून येतं?

ठाणे, कळवा, दिव्याकडे एक समज पक्का आहे: व्यसनमुक्ती केंद्रात गेलेल्या शंभरातले नव्वद जण दारू सोडतात. हा आकडा बहुतेकदा भागाकारात फुगतो. समजा, 100 जण दाखल झाले. सहा महिन्यांनी 40 जणांचा फोन लागला, त्यातले 36 ‘पीत नाही’ म्हणाले. 40 ने भागलं तर 90 टक्के, 100 ने भागलं तर 36. भागायचं 100 नेच, कारण फोन न उचलणाऱ्यांत पुन्हा प्यायला लागलेले बरेच असतात. काहींनी मात्र नुसती भाड्याची खोली बदललेली असते, दिव्याहून घणसोलीला. म्हणून दाखल करतानाच घरचे, शेजारचे, कामावरचे असे तीन नंबर घ्यावेत. तरीही पत्ता लागला नाही तर कार्यकर्त्याने घरी जावं.

‘सोडली का?’ एवढ्याने काही कळत नाही. गेल्या 30 दिवसांत किती दिवस प्यायले, कामावर खाडे किती, घरात मारहाण होते का, हे दाखल होताना आणि नंतर 3, 6, 12 महिन्यांनी त्याच शब्दांत विचारावं. विचारणारा त्यांचा समुपदेशक नसावा. त्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं खरं सांगत नाहीत. आणि महिन्याचे 25 दिवस पिणारा 4 दिवसांवर आला, तर त्याच्या नावापुढे ‘अपयश’ लिहिणं सरळ अन्याय आहे.