टोकनची मुदत आणि मायएसक्यूएलचा आगाऊ टाइमस्टॅम्प

अॅक्सेस टोकन म्हणजे लॉगिन केलेल्या युजरला मिळणारी ठराविक मुदतीची डिजिटल किल्ली. तिच्या टेबलात वेळेचे रकाने साधारण तीन असतात: टोकन कधी दिलं, कधी संपणार, कधी रद्द केलं. पहिल्यात डेटाबेसने स्वतः वेळ भरली तर उत्तमच. उरलेल्या दोनांत त्याने हात घालू नये. मायएसक्यूएल या डेटाबेसला हा फरक बरीच वर्षं कळत नव्हता.

घोळ 'टाइमस्टॅम्प' या शब्दापासूनच सुरू होतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो तारीख-वेळेचा साधा प्रकार. एसक्यूएल सर्व्हर या तिसऱ्यात याच नावाच्या रकान्याचा घड्याळाशी संबंधच नाही. तिथे तो ओळ बदलली की वाढणारा ८ बाइटचा आकडा. मायएसक्यूएलने त्याचा अर्थ धरला 'ही ओळ शेवटची कधी बदलली', आणि तोही न विचारता. टेबलातल्या पहिल्या टाइमस्टॅम्प रकान्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर त्याला 'डिफॉल्ट' (नवी ओळ घालताना चालू वेळ भर) आणि 'ऑन अपडेट' (ओळ बदलली की पुन्हा चालू वेळ भर) दोन्ही आपोआप चिकटत. ४.१ आवृत्तीपासून हवं ते स्पष्ट लिहिता येऊ लागलं, पण गप्प राहण्याचा अर्थ तोच राहिला. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ हे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये टोकन कसं द्यायचं हे ठरवणाऱ्या ओऑथ २.० या मानकाचा मसुदा पक्का झाला. त्यात मुदत सेकंदांत सांगायची सोय आहे. ती साठवायची कशी, हे ज्याचं त्याने बघायचं. पीएचपीच्या एका लोकप्रिय लायब्ररीच्या नमुना टेबलात रकाना होता 'एक्स्पायर्स टाइमस्टॅम्प नॉट नल' (मुदत संपण्याची वेळ, नल म्हणजे रिकामी चालणार नाही), बस. टेबलातला तो एकमेव टाइमस्टॅम्प, म्हणजेच पहिला.

आम्ही एकदा जुन्या टोकनांचा स्कोप (कशाकशाची परवानगी आहे ते) एका अपडेट क्वेरीने बदलला. मुदतीला हातही लावला नव्हता. दोन मिनिटांत सगळे युजर लॉगआउट. टेबल उघडून पाहिलं तर प्रत्येक ओळीत मुदत संपण्याची वेळ एकच, आमची क्वेरी चालली ती.

रद्द केल्याच्या रकान्याची तऱ्हा याहून न्यारी. 'नल' चालेल असं स्पष्ट लिहिलं नसेल तर तो 'नॉट नल' धरला जाई, आणि त्यात नल घातला की एरर येण्याऐवजी चालू वेळ भरली जाई. म्हणजे टोकन जन्मतःच रद्द!

फेब्रुवारी २०१३ मध्ये स्थिर झालेल्या ५.६ ने ही आपोआप वागणूक बंद करणारं एक सेटिंग दिलं, मात्र मुळात बंद ठेवलेलं. वर ते सेटिंगच पुढेमागे काढून टाकू असंही जाहीर केलं. त्याच आवृत्तीत तारीख-वेळेच्या दुसऱ्या, डेटटाइम प्रकारच्या रकान्यालाही आपोआप वेळ भरता येऊ लागली, त्यामुळे टाइमस्टॅम्पच वापरायचं कारण उरलं नाही. शिवाय टाइमस्टॅम्पची धाव १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच. ५.७ ने शून्य तारखा (वर्ष, महिना, दिवस सगळं शून्य) नाकारल्या, तेव्हा दुसऱ्या टाइमस्टॅम्प रकान्याला गुपचूप मिळणारं शून्याचं डिफॉल्ट एकदम एरर देऊ लागलं.

२०१८ मध्ये आलेल्या ८.० मध्ये ते सेटिंग अखेर मुळातच चालू झालं. पण नव्या टेबलांपुरतं. जुन्या टेबलाच्या व्याख्येत 'ऑन अपडेट' लिहूनच ठेवलेलं असतं, आणि डंप, म्हणजे डेटाबेसची नक्कल, घेतला की ते जसंच्या तसं नव्या सर्व्हरवर येतं. पण टेबल बनवायच्या मूळ स्क्रिप्टनेच लॅपटॉपवर ८.० मध्ये टेबल बनवलं, तर तिथे ते नसतं.